खाली माग, वर बिऱ्हाड

[दृश्य: पूर्व भागातली गल्ली. यंत्रमागांचा खडखडाट, वरच्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे.]

सोलापूरच्या पूर्व भागात खाली माग आणि वर बिऱ्हाड अशी घरं गल्लोगल्ली दिसतात. जिन्याखाली सुताचे कोन, भिंतीला टॉवेलचे गठ्ठे, पलीकडच्या खोलीत गॅस. 18 मे 2025 च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. राहतं घरही तिथंच होतं. आठ जणांचा जीव गेला.

म्हणून आग-पुरासारख्या संकटाची तयारी करायला बसलात की सिलिंडरच्या आधी जिना बघा. खालून वर जाणारा बंद जिना आगीत धुराडं होतो. खाली गठ्ठा पेटला की धूर सरळ झोपायच्या खोलीत येतो, आणि झोपेतल्या माणसाला ज्वाळेच्या आधी तो धूरच गाठतो. अशा वेळी बाहेर पडायला दुसरी वाट हवी. चोरांच्या भीतीनं आपण खिडक्यांना पक्की वेल्डिंग केलेली जाळी बसवतो. त्यातली रस्त्याकडची एक तरी बिजागरीवर उघडणारी करून घ्या. मोठा माणूस खांद्यासकट निघेल एवढी ती रुंद हवी. कडी आतून ठेवा. कुलूप लावायचंच असेल तर किल्ली त्याच खोलीत ठेवा, बाहेरून हात पोचणार नाही पण अंधारात चाचपून सापडेल अशा खिळ्यावर. शटरला वाट समजू नका. तापलं की ते वाकून अडकतं, आणि विजेवर चालणारं असेल तर मेन पडल्यावर नुसतं बटण दाबून उघडत नाही.

[दृश्य: स्विचबोर्ड जवळून. झाकणावर आणि फटींत साचलेले पांढरे तंतू.]

हे तंतू नीट पाहा. सूत मागावर चालताना झडतं आणि मोटारीवर, वायरींवर, बोर्डाच्या फटींत बसतं. स्विचचं एखादं टर्मिनल ढिलं असलं की तिथं ठिणगी उडते, आणि तिला लागणारं जळण शेजारीच पडलेलं असतं. आठवड्यातून एकदा माग थांबवून, मेन स्विच खाली करून, ब्रशनं किंवा व्हॅक्यूमनं हे साफ करा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. उडालेले तंतू हवेत भरून राहतात, एका ठिणगीनं भपकन पेटतात, आणि उरलेले बोर्डात आणखी आत जाऊन बसतात.

सुती गठ्ठ्याची आग फसवी असते. एबीसी पावडरचं अग्निशामक वरची ज्वाळा मारतं, पण गठ्ठ्याचा गाभा थंड करत नाही. आत धुमसत राहिलेला गठ्ठा नंतर पुन्हा पेटतो. म्हणून आधी मेन बंद करायचा, ज्वाळा मारायची, मग गठ्ठा बाहेर ओढून, मोकळा सोडून पाण्यानं चिंब करायचा. हे सगळं आग एका गठ्ठ्यापुरती असेल तरच. छताला धूर धरला असेल तर गठ्ठा, पैसे, कागद सगळं सोडून बाहेर पडा, धुरातून जाताना जमिनीलगत वाकून. अग्निशामक दाराजवळ टांगा, आगीच्या पलीकडे नको. त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे महिन्याला बघत जा.

स्वयंपाकघरात कढईतलं तेल पेटलं तर गॅस बंद करून झाकण ठेवा. पाणी कधीच टाकू नका. ते तळाशी जाऊन क्षणात वाफ होतं आणि पेटतं तेल अंगावर उडवतं. गॅसची नळी आयएसआय मार्कची, नारिंगी सुरक्षा नळीच हवी, तीही पाच वर्षांनी बदलायची. गळतीची शंका आली तर काडी ओढून पाहू नका, साबणाचा फेस लावा. वास आलाच तर दिव्याचं बटण लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही. रेग्युलेटर बंद करून काढा, सिलिंडरला टोपी लावा, दारं-खिडक्या उघडा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, त्यामुळे नुसती वरची झडप उघडून भागत नाही.

[दृश्य: तव्याशेजारी उभ्या करून वाळवलेल्या भाकऱ्या.]

आग विझली, किंवा सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीकाठच्या गावांनी पाहिला तसा पूर आला, तरी पुढचे दोन-तीन दिवस शेगडी पेटेलच असं नाही. म्हणून साठा असा हवा की न शिजवता खाता येईल. सोलापूरला तो शोधायला कुठं जावं लागत नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी! माणशी दिवसाला चार भाकरी धरल्या तर पाच जणांना तीन दिवसांच्या साठ होतात. भाकरी मोडताना कट्‌ आवाज आला पाहिजे. जराशीही वाकली तर मध्ये ओल आहे आणि तिला बुरशी येणार. पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, आणि महिन्याच्या आत खाऊन नव्या भरा. चटणीतलं शेंगदाण्याचं तेल उन्हाळ्यात लवकर खवट होतं, म्हणून ती थोडीच करून सतत फिरती ठेवा. सोबत फुटाणे, गूळ, कांदे, ओआरएसची पाकिटं.

ज्वारी दाण्यातच साठवा. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना चिरते. मालदांडी ज्वारी उन्हात खडखडीत वाळवा, रात्रभर गार होऊ द्या, मगच कोठीत भरा. गरम दाणा झाकला की आत घाम धरतो आणि वास येतो. किडीसाठी वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला. धान्यात टाकायच्या सेल्फॉसच्या गोळ्या राहत्या घरात अजिबात नकोत. त्यांतून निघणाऱ्या फॉस्फिन वायूनं शेजारच्या खोलीत झोपलेली माणसंही दगावतात.

पिण्याचं पाणी माणशी रोज तीन लिटर, म्हणजे पाच जणांना तीन दिवसांचं पंचेचाळीस लिटर. नळ रोज येत नसल्यानं आपल्याकडं पिंप भरलेलीच असतात. फक्त पिण्याचं वेगळं आणि झाकलेलं ठेवा, आणि सगळी पिंपं आठवड्याला एकदा रिकामी करून घासा, नाहीतर डेंग्यूचा डास तिथंच वाढतो.

शेवटचं काम भिंतीवरचं. अग्निशमन 101, रुग्णवाहिका 108, गॅस गळती 1906, आणि इतर कशाहीसाठी 112. हे आकडे दाराशेजारी ऑइल पेंटनं लिहा, घरातल्या लहान मुलालाही वाचता येतील एवढे मोठे. खाली घराचा पत्ता आणि जवळची खूण. आणि बंब गल्लीत कुठल्या तोंडानं शिरू शकतो, तेही.