मोडलेला आकडा

नमस्कार, श्रोतेहो.

सात छेद चार ही संख्या एकाहून मोठी, जवळजवळ दोन. एक पुरता भरून वर तीन चतुर्थांश उरले, तरी तिचं नाव अपूर्णांक! शाळेत तिच्यावर ‘अंशाधिक’ असा शिक्का मारला की विषय मिटतो. मला मात्र हे नाव खटकत आलंय.

इतर भाषांना अपुरेपणा दिसला नाही, मोडतोड दिसली. इंग्रजीतला फ्रॅक्शन ‘मोडणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून आला. हाड मोडलं की डॉक्टर म्हणतात ते फ्रॅक्चर त्याचंच भावंड. संस्कृतात भिन्न, म्हणजे फुटलेलं. अरबीत कस्र, म्हणजे पुन्हा मोडणंच. हाच कस्र आपल्याकडे येऊन कसर झाला. ‘थोडी कसर राहिली’ म्हणताना आपण नकळत अपूर्णांकाचंच नाव घेतो. (कपडे खाते ती कसर वेगळी बरं का!)

हाताशी कागद असेल तर त्याचे चार सारखे तुकडे करा आणि तीन उचला. उचललेले तीन हा अंश, केलेले चार हा छेद. छेद म्हणजे कापणं. शब्दातच कात्री आहे. ब्रह्मगुप्ताने सन 628 मध्ये अपूर्णांकांचे नियम सांगितले. तेव्हा अंश वर, छेद खाली असंच लिहीत, पण मधली रेघ नव्हती. ती पुढे अरबी गणितींनी ओढली.

फ्रॅक्शन गणिताबाहेरही हिंडतो. खनिज तेल तापवून पेट्रोल, रॉकेल, डिझेल वेगळं काढतात, त्या प्रत्येक भागाला फ्रॅक्शन म्हणतात. कर्करोगावरचे किरण हप्त्याहप्त्याने देतात, तो एकेक हप्ताही फ्रॅक्शनच. रोजच्या इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ ‘अगदी थोडंसं’. मग नव्याण्णव शतांशाने काय करावं?

आपली बोली याबाबतीत पुस्तकापेक्षा शहाणी. ती सात छेद चार म्हणतच नाही, पावणेदोन म्हणते. पाव आला ‘पाद’ म्हणजे पाय यावरून. चार पायांपैकी एक. सव्वा म्हणजे सपाद, साडे म्हणजे सार्ध. पण साडेएक नाही, साडेदोन नाही. तिथे दीड आणि अडीच, स्वतःच्या नावाचे मानकरी. अडीच मुळात ‘अर्धतृतीय’: दोन पुरे, तिसरा अर्धा. याच चालीने ‘अर्धचतुर्थ’ झिजून औट झाला, साडेतीन. त्याचा पाढाही होता: औट एके औट, औट दुणे सात, औट त्रिक साडेदहा.

पाढा गेला. औट उरला तो ‘औट घटकेचं राज्य’ यात. घटका 24 मिनिटांची, तेव्हा हे राज्य हिशेबाने 84 मिनिटांचं. मला त्यातला छोटा अंश मिळाला होता, तो संपला. नमस्कार.