राकसकोपची पातळी आणि रक्तातला काऊंट

(रक्ताच्या जुनाट कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांच्या घरच्या माणसांसमोर बेळगावात एका पॅथॉलॉजिस्टने केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)

मंडळी, पावसाळा लागला की आपण बेळगावकर सकाळी पेपरात आधी काय शोधतो? राकसकोप जलाशयाची पातळी. आज किती फूट, आणि लगेच कालची किती. नुसता आजचा आकडा सांगितला तर कोणालाच काही उमगत नाही. तेवढंच पाणी मे महिन्यात असलं तर आपण खूश, आणि ऑगस्टमध्ये असलं तर नळाला पाणी किती दिवसांनी येणार याची चिंता. तुमच्या हातातला सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा, कागदही तसाच वाचायचा असतो. तुम्ही मात्र तो लॉटरीच्या तिकिटासारखा वाचता, हे मी काउंटरच्या आतून रोज बघतो.

आज मुख्यतः सीएमएलबद्दल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या जुनाट कर्करोगाबद्दल बोलतो. १९६० साली फिलाडेल्फियातल्या दोन संशोधकांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. ते आखूड का, हे १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं: नऊ आणि बावीस क्रमांकाच्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे अदलाबदल केलेले असतात. त्या जोडणीतून बीसीआर-एबीएल नावाचं जे प्रथिन तयार होतं, ते पांढऱ्या पेशींना ‘वाढा, वाढा’ म्हणत राहतं. २००१ मध्ये आलेली इमॅटिनिब ही गोळी नेमकं तेच प्रथिन अडवते. २०१३च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या सुधारित रूपाला पेटंट नाकारलं आणि आपल्याकडच्या कंपन्यांची स्वस्त गोळी टिकली. हे एवढ्यासाठी सांगितलं, की गोळी मिळते आहे. गोंधळ होतो तो पुढे.

निदानाच्या वेळी रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये पांढऱ्या पेशी लाख, दीड लाख, कधी त्याहून जास्त असतात. निरोगी माणसात त्या साधारण ४,००० ते ११,०००. गोळी सुरू झाली की पहिला महिना दर आठवड्याला रक्त, दुसऱ्या महिन्यात पंधरवड्याला, मग सगळं ठीक असेल तर दोन-तीन महिन्यांनी. सुरुवातीला एवढ्या घाईघाईने का? कारण रोगट पेशी ओसरत असतात आणि चांगल्या पेशींनी अजून जागा घेतलेली नसते. त्या मधल्या दिवसांत काऊंट गरजेपेक्षा खाली जाऊ शकतो. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, १,०००च्या खाली किंवा प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, ५०,०००च्या खाली गेल्या, तर डॉक्टर सहसा गोळी थांबवतात आणि न्यूट्रोफिल १,५००, प्लेटलेट ७५,००० झाल्या की पुन्हा सुरू करतात. थांबवायची ती डॉक्टरांनी. शेजारच्या मामांनी नव्हे. आणि न्यूट्रोफिल कमी असताना १००.४ ताप आला, तर सकाळच्या पहिल्या बसची वाट बघत बसू नका. रात्रीच गाडी काढा.

आता एक गंमत. चिकोडीकडच्या एक मावशी डोळ्यांत पाणी आणून आल्या. म्हणाल्या, “डॉक्टर, मागच्या खेपेला पेशी सहा हजार दोनशे होत्या, आता सहाच राहिल्या की हो!” बघतो तर दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट. त्यात ६.२ छापलेलं, आणि बाजूला बारीक अक्षरात ‘हजार’. आकडा तोच, लिहायची पद्धत वेगळी. त्यांचा मुलगा एम.ए. झालेला, पण त्यानेही ते बारीक अक्षर वाचलं नव्हतं. म्हणून म्हणतो, शक्यतो लॅब एकच ठेवा, आणि शंभर पानी वहीत तारीख, पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, हिमोग्लोबिन, प्लेटलेट असे रकाने पाडा. वही मराठीत लिहा. रिपोर्ट इंग्रजीत, दवाखान्याची पाटी कन्नडमध्ये. वही तरी आपल्या भाषेत असू दे.

दुसरी गोष्ट माझ्या चुकीची. खानापूरकडच्या एका काकांच्या प्लेटलेट यंत्राने ३८,००० दाखवल्या. त्या दिवशी नमुने फार होते. स्लाईड न बघताच मी सही केली. गोळी थांबली, घरात रडारड. चार दिवसांनी पुन्हा रक्त आलं, पुन्हा तसाच आकडा. या वेळी मी काच मायक्रोस्कोपखाली धरली. काचेच्या कडेला प्लेटलेटचे पुंजके, चिकट भाताचे शितावर शीत बसलेले गोळे असावेत तसे. जांभळ्या बुचाच्या नळीतल्या, रक्त गोठू न देणाऱ्या औषधाने काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, आणि यंत्र त्या पुंजक्याला प्लेटलेट म्हणून मोजतच नाही. निळ्या बुचाच्या नळीत रक्त घेतलं, तर काकांच्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर. काकांनी मला काही बोललं नाही, हे मला जास्त लागलं. तेव्हापासून मागच्या काऊंटशी न जुळणारी प्लेटलेट दिसली की मी आधी काच मागतो. तुम्हीही विचारा, “स्लाईड बघितली का?” लॅबवाल्याला राग आला तर येऊ दे.

आणि हो, सीबीसीला उपाशी यायची गरज नाही! कणकुंबी-जांबोटीकडून पहिल्या एसटीने माणसं रिकाम्या पोटी येतात. इमॅटिनिब जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत घ्यायची असते. खाल्लं नाही म्हणून त्या दिवशीची गोळीही चुकते. रक्त तपासायच्या नादात औषध बुडवणं म्हणजे काय म्हणावं.

आता सगळ्यांत फसवा क्षण. दोन-तीन महिन्यांत काऊंट नॉर्मल येतो, पोटात डाव्या बाजूला वाढलेली प्लीहा हाताला लागेनाशी होते, पेढे वाटले जातात. सीबीसीला तळाशी उरलेला रोग दिसत नाही. तो बघायला त्याच बीसीआर-एबीएलची पीसीआर, म्हणजे जनुकाचा माग काढणारी बारीक रक्ततपासणी, दर तीन महिन्यांनी. तिथे उत्तर टक्क्यांत येतं: तीन महिन्यांनी १० टक्के किंवा खाली, सहा महिन्यांनी १, वर्षाने ०.१. इथेही एक आकडा वर गेला म्हणून हातपाय गाळायचे नाहीत. पुन्हा तपासायचं, आणि गोळ्या खरंच किती चुकल्या ते डॉक्टरांना खरं सांगायचं.

सीएलएलवाल्यांसाठी, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा जुनाट कर्करोग असलेल्यांसाठी, एकच: इब्रुटिनिबसारख्या गोळ्यांवर सुरुवातीला लिम्फोसाइट वाढलेले दिसतात. गाठींतल्या पेशी रक्तात उतरत असतात. गाठी आकसत असतील तर त्या वाढीला घाबरायचं कारण नसतं.

मागून चिठ्ठी आली आहे: “पाच वर्षं सगळं नॉर्मल आहे, गोळी बंद करू का?” मनाने नाही. निदान तीन वर्षं औषध आणि त्यातली शेवटची दोन वर्षं पीसीआर सतत ०.०१ टक्क्याच्या खाली असेल, तर डॉक्टर त्याचा विचार करू शकतात. तरीही जवळजवळ निम्म्या लोकांत रोग परततो, बहुतेकांचा पहिल्या सहा महिन्यांतच, आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर बहुतेकांचा आटोक्यातही येतो. म्हणून पहिले सहा महिने दर महिन्याला पीसीआर लागते. तो खर्च आणि ती धावपळ झेपणार असेल, तर पुढच्या भेटीला वही घेऊन डॉक्टरांकडे हा विषय काढा. तोवर आज रात्री जेवून गोळी घ्या.