सलाई गेली तर जाऊ दे, टाके वाचवा!

नमस्कार मंडळी, ग्वाल्हेरहून, आमच्या लश्कर भागातून. मागच्या व्हिडिओत मी बालीला हॉटेलच्या व्हरांड्यात विणत बसलेली दिसले, तेव्हापासून एकच प्रश्न: "काकू, विमानात सुया नेऊ देतात का?" आणि एकानं लिहिलंय, "सुट्टीवर तरी आराम करा हो." अरे बाळा, हाच माझा आराम! तू समुद्राकाठी मोबाईल चाळतोस तो आराम, आणि मी चार ओळी विणल्या की ते काम?

सोपं ते पटापट. गरम देशात लोकर नको, सुती दोरा न्या, घामट हातांना लोकर चिकटते. काम छोटं घ्या, टोपी, बाळाचे मोजे. अर्धा स्वेटर मांडीवर घेऊन बसलात तर उकडून निघाल. लांब सलायांपेक्षा गोल सुई बरी, म्हणजे दोन आखूड सलाया मधे वायरनं जोडलेल्या, शेजारच्याच्या बरगडीत कोपर जात नाही. (सलाई म्हटलं की पुण्याहून कॉमेंट येते, "काकू, सुई म्हणा." आमच्याकडे आजीपासून सलाईच आहे, राहू द्या.) कात्रीचं पातं ब्रिटनमध्ये 6 सेंटीमीटरपर्यंत चालतं, अमेरिकेत 4 इंचांपेक्षा कमी हवं. मी ती भानगडच नको म्हणून कात्री मोठ्या बॅगेत टाकते.

आता सुया. ब्रिटन आणि अमेरिकेच्या नियमांत त्या हातातल्या सामानात चालतात. पण तपासणीला उभ्या असलेल्या माणसाला नाही पटलं, तर नाही. तिथे नियम वाचून दाखवू नका, विमान सुटेल.

माझ्या गेल्या आहेत. बालीच्या आधीच्या सहलीला. विमानतळ कुठला ते विचारू नका. जाळीची शाल होती, मेळ्यातल्या लोकरीची. आमचा ग्वाल्हेरचा मेळा तेव्हाचे महाराज माधवराव शिंद्यांनी 1905 मध्ये सुरू केला. मी दर वर्षी "यंदा लोकर घेणार नाही" असं म्हणून जाते आणि पिशवी भरून घरी येते. तर, 168 टाके. तपासणीच्या मुलीनं सलाई ओढून ट्रेमध्ये ठेवली आणि शाल अगदी अदबीनं माझ्या हातात दिली. 168 तोंडं उघडी! नणंद म्हणते, "वहिनी, चला, गेट बंद होईल." मी चालतेय आणि टाके खाली खाली सुटतायत.

म्हणून हे बघा. (विणकाम कॅमेऱ्याजवळ धरते) घरून निघायच्या आधी सगळ्या टाक्यांतून एक दोरा ओवून ठेवायचा. याला लाईफलाईन म्हणतात. दोरा गुळगुळीत, बारीक, आणि विणकामाच्या रंगापेक्षा वेगळा. दात साफ करायचा फ्लॉससुद्धा चालतो. बोथट सुईत ओवा आणि सलाईवरच्या प्रत्येक टाक्याच्या पोटातून न्या. लोकर चिरून नाही, टाक्यातून! खुणेच्या रिंगा मात्र सोडून द्या, नाहीतर त्या दोऱ्यात अडकून बसतात. दोन्हीकडे वीतभर शेपूट ठेवा.

"काकू, सलाईच्या टोकाला रबर लावलं तर?" हे मला निदान दहा जणींनी विचारलंय. अगं, रबर टाके सलाईवर धरून ठेवतं. सलाईच गेली तर रबर काय धरणार? दोरा टाक्यांत असतो. सलाई काढली तरी टाके दोऱ्यावर बसलेले. (सलाई ओढून काढते) हे बघा. एकही नाही सुटला.

आणि विमानात कोणी हात लावला नाही, तरी दोरा वाया जात नाही. व्हरांड्यात गप्पा मारता मारता नक्षी चुकली, की बिनधास्त उसवा. उसवण त्या दोऱ्याशी येऊन थांबते. फक्त दोरा साध्या उलट ओळीत घाला आणि ती कितवी ओळ ते कागदावर लिहा. जाळीच्या ओळीत घातलात तर टाके परत उचलताना जाळीसाठी सलाईवर घेतलेले वेढे हरवतात, आणि मग मलाच कॉमेंट करता.

तिकडे नवी सुई घ्यायची वेळ आली तर नंबर सांगू नका, मिलिमीटर सांगा. आपल्याकडचे नंबर जुने इंग्रजी, आकडा वाढला की सलाई बारीक. अमेरिकेत उलटं, आकडा वाढला की जाड. आपली 8 नंबर 4 मिलिमीटरची, अमेरिकेतली 8 नंबर 5 मिलिमीटरची, जपानमधली साडेचार. एका ताईंनी एक बाही इथे विणली, दुसरी लेकीकडे, तिकडे घेतलेल्या 8 नंबरवर. फोटो पाठवलाय, त्यांना विचारूनच दाखवतेय. ही ग्वाल्हेरची बाही. आणि ही न्यू जर्सीची.