बक्षीस नको, ऑर्डर द्या

(सांगलीतील एका व्याख्यानमालेतल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, प्राचार्य मंडळी, पालक आणि विद्यार्थी मित्रहो. मागं दाराशी उभे आहात ते पुढं या, दुसऱ्या रांगेत जागा आहे. पुढं बसलं की वक्ता प्रश्न विचारतो ही भीती कॉलेजातली. इथं मी कुणाला उभं करणार नाही.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'विद्यापीठीय विद्यार्थ्यांमधील उद्योजकीय दृष्टिकोन व नवोन्मेषी वर्तन'. त्यावर मी बोलणार आहेच. पण सुरुवात लक्ष्मणराव किर्लोस्करांपासून करू द्या. किर्लोस्करवाडी आपल्या जिल्ह्यात, आणि आपल्याला त्यांची गोष्ट पाठ आहे असं आपण समजतो. आपल्याला पाठ असतो तो शेवट. १९१० साल, औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेला माळ, कुंडल रोड स्टेशन, तिथं उभा राहिलेला कारखाना. मला त्याच्या आधीचं सांगायचंय.

लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले आणि तिथं त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला रंग नीट ओळखता येत नाहीत. म्हणून ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि मुंबईच्याच व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षक झाले. पुढं हक्काची बढती डावलली गेली. नोकरी सोडली, भावाबरोबर बेळगावात सायकलचं दुकान काढलं. मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. आणि तो नांगर कुणी घेईना. लोखंडानं जमिनीत विष उतरतं, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं गेली.

या दोन वर्षांकडे नीट बघा. नांगर तयार आहे, चांगला आहे, आणि अंगणात पडून आहे. आज एखाद्या विद्यार्थ्यानं तसा नांगर केला तर आपण काय करू? टेक्निकल फेस्टमध्ये ठेवू. परीक्षक बोलावू. प्रथम क्रमांक, ढाल, चेक, प्राचार्यांबरोबर फोटो, दुसऱ्या दिवशी जिल्हा पुरवणीत बातमी. आणि नांगर? तो डिपार्टमेंटच्या कपाटावर. लक्ष्मणरावांना कुणी ढाल दिली नाही. त्यांना गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबावं लागलं आणि त्या गिऱ्हाइकाशी बोलावं लागलं. माझ्या मते कारखाना तिथं सुरू झाला, माळावर पुढं फक्त शेड उभी राहिली.

आणखी एक. किर्लोस्करवाडीत सुरुवातीची माणसं कोण होती? अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, ते पुढं कल्पक इंजिनिअर झाले. तुरुंगात जाऊन आलेल्या माणसांच्या हाती रखवाली दिली होती. कुणाचं गुणपत्रक काय सांगतं यापेक्षा हाताला काय येतं हे तिथं बघितलं गेलं. हे मी दहावी-बारावीच्या पालकांसाठी मुद्दाम सांगतो. (टाळ्या) टाळ्या विद्यार्थ्यांच्याच बाजूनं आल्या, हे मी टिपून ठेवलंय.

आणि हे नांगर गावोगाव फिरून विकणाऱ्यांमध्ये एक तरुण होता, भाऊराव पाटील. हो, तेच आपले कर्मवीर. किर्लोस्करांचा नांगर विकणारा माणूस १९१९ साली कराडजवळ काले गावात रयत शिक्षण संस्था काढतो, आणि पुढं 'कमवा व शिका' हा विचार महाराष्ट्रभर नेतो. १९४७ ला साताऱ्यात शिवाजी कॉलेज उभं राहतं, तिथं मुलं राबतात आणि शिकतात. फिरून माल विकलेल्या माणसालाच हे सुचू शकलं असं मला मनापासून वाटतं. दारात उभं राहून नकार ऐकायचा, पुन्हा दुसऱ्या दारात जायचं. ते शिक्षण त्यांना कुठल्या वर्गात मिळालं नव्हतं.

आता माझं दुखणं सांगतो. मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवलं. कॉलेजचं नाव घेणार नाही, कारण हे कुठल्याही कॉलेजात झालं असतं. माझ्याकडे तासगाव भागातला एक विद्यार्थी होता. घरी द्राक्षबाग, बेदाण्याची शेड. तुमच्यातल्या निम्म्यांना माहीत आहे, तरी पुण्याहून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो. द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवायची, शेडमध्ये जाळीवर थर लावून पसरायची, दोनेक आठवडे वाळवायची. हवा कोरडी असेल तर सोन्यासारखा माल होतो. मधेच ढग आले, दमट झालं, की माल काळपट पडतो आणि सौद्यात भाव पडतो. त्या पोरानं काय केलं, तर शेडमध्ये वेगवेगळ्या थरांवर आर्द्रता मोजणारे सेन्सर लावले आणि वरच्या नि खालच्या जाळीतला फरक मोबाईलवर दाखवला. पंखा कधी लावायचा, पडदा कधी सोडायचा हे रात्री उठून हातानं चाचपडण्याऐवजी फोनवर कळायला लागलं. फार मोठं संशोधन आहे असं मी म्हणणार नाही. पण रात्री दोनला शेडवर जाणारा बाप त्यानं डोळ्यांनी बघितला होता, त्या बापासाठी त्यानं हे केलं.

त्याला स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. सगळ्यांना आनंद. पुढं काय झालं बघा. शेजारच्या बागायतदारानं त्याला म्हटलं, "पोरा, माझ्या दोन शेडना हे बसवून दे, पैसे देतो." ही त्याची पहिली ऑर्डर! मी तर नाचायचाच बाकी होतो. पण बेदाण्याचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. आणि आपलं काय असतं फेब्रुवारी ते एप्रिल? सबमिशन, ओरल, प्रॅक्टिकल, मग लेखी. पोरगं आठवडाभर शेडवर राहिलं तर हजेरी कमी पडली. पालकांना पत्र गेलं. बिल कुणाच्या नावानं करायचं, याचं उत्तर ऑफिसकडे नव्हतं. लॅबमधलं सोल्डरिंग स्टेशन सुट्टीच्या दिवशी वापरू द्यायचं का, यावर अर्जावर अर्ज झाले. हंगाम संपला. शेजाऱ्यानं हातानंच भागवलं. पोरगं पास झालं, पुण्यात नोकरीला लागलं, चांगलं चाललंय त्याचं. मला त्याच्या नोकरीचं वाईट वाटत नाही. मला त्या दोन शेडचं वाईट वाटतं.

द्राक्षाचं वेलीवर पिकणं विद्यापीठाच्या परिपत्रकानं पुढं ढकलता येत नाही. बाजाराचा हंगाम आणि आपलं शैक्षणिक वेळापत्रक एकमेकांवर आदळतात, आणि दर वेळी वेळापत्रक जिंकतं. उसाचा गळीत हंगाम घ्या, पंढरीची वारी घ्या, हळदीचे सौदे घ्या. या भागातल्या मुलाला जे प्रश्न दिसतात त्या प्रत्येकाला तिथीवार आहे. आणि आपण त्याला सांगतो, सातव्या सेमिस्टरला प्रोजेक्ट असतो, तेव्हा सुचव.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी) दहा मिनिटं राहिली म्हणतात. बरं. मूळ विषयावर येतो, भरभर सांगतो.

या विषयात अभ्यास करणारे दोन गोष्टी वेगळ्या मोजतात. दृष्टिकोन, म्हणजे मला उद्योग करावासा वाटतो का. आणि वर्तन, म्हणजे मी खरोखर काही करतो का. मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझन यांनी १९९१ मध्ये मांडलेला सिद्धान्त विद्यार्थ्यांच्या पाहण्यांमध्ये सर्रास वापरतात. माणसाचा इरादा तीन गोष्टींवर ठरतो: त्याला स्वतःला काय वाटतं, जवळच्या माणसांना काय वाटतं, आणि हे आपल्याला जमेल असा भरवसा किती. पहिली गोष्ट आपल्या मुलांत भरपूर आहे. दुसरी म्हणजे तुम्ही, पालक. मुलीकडच्यांनी "मुलगा काय करतो?" विचारल्यावर तुमचा आवाज किती खाली जातो, ते मुलानं ऐकलेलं असतं. तिसरी गोष्ट, भरवसा, भाषणानं येत नाही, माझ्याही नाही. ती एकदा करून बघितल्यावर येते.

याला आपल्याच देशातला दाखला आहे. डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६४ च्या सुमारास आंध्रात काकीनाड्याला छोट्या व्यावसायिकांना यशाची प्रेरणा वाढवण्याचं प्रशिक्षण दिलं. प्रशिक्षण घेतलेल्यांनी पुढं जास्त हालचाल केली, नवे धंदे काढले, माणसं कामाला लावली. आपल्याकडची उद्योजकता शिबिरं त्याच विचारातून आली. पण एक गोष्ट आपण विसरलो: काकीनाड्याचे ते लोक आधीच धंद्यात होते. सकाळी शिकलेलं संध्याकाळी गल्ल्यावर वापरता येत होतं. आपल्या शिबिरातल्या मुलाकडे गल्लाच नसतो.

नवोन्मेषी वर्तनाचंही, म्हणजे नवं काही सुचून ते वापरात आणण्याचंही, तेच. स्कॉट आणि ब्रूस या संशोधकांनी १९९४ मध्ये त्याचे टप्पे सांगितले: अडचण ओळखून कल्पना सुचणं, त्यासाठी पाठिंबा मिळवणं, आणि ती वापरण्याजोगी उभी करणं. आपल्या स्पर्धा पहिल्या टप्प्याला गुण देतात, दुसऱ्याला टाळ्या, तिसऱ्याला काहीच नाही. उद्योजकतेच्या अभ्यासक सारस सरस्वती यांनी २७ अनुभवी उद्योजकांचा अभ्यास केला. त्यात दिसलं की ही माणसं मोठा आराखडा करून निघत नाहीत. मी कोण, मला काय येतं, माझ्या ओळखीचं कोण, एवढ्यावर सुरू करतात आणि किती बुडालं तर चालेल ते आधी ठरवतात. पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करत होते. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होता, दुकानात येणाऱ्या मशीनमधले व्हायरस काढायला त्यानं प्रोग्रॅम लिहिला. गिऱ्हाईक दारातच होतं. त्यातून क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी झाली आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात आली. संजयची हुशारी मी मानतोच. पण त्या हुशारीसमोर रोज बंद पडलेलं मशीन घेऊन माणूस येत होता.

आता मागणी. नियम आपल्या बाजूनं आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणात स्टार्टअप करणाऱ्या विद्यार्थ्याला क्रेडिट, हजेरीत सवलत, मधे सेमिस्टर थांबवण्याची मुभा द्यावी असं लिहिलंय. ते प्रत्येक कॉलेजानं सूचनाफलकावर लावावं, आणि सवलतीच्या अर्जावर सही कोण करणार त्याचं नावही लावावं. दुसरं, राज्य सरकार महाराष्ट्र स्टार्टअप वीकमध्ये निवडलेल्या २४ स्टार्टअपना बक्षीस देत नाही, कामाची ऑर्डर देतं, सुरुवातीला १५ लाखांपर्यंतची होती. सरकारला जे जमलं ते कॉलेजला जमेल. तुम्ही वर्षभरात काय काय विकत घेता? दिवे, फिनेल, ओळखपत्रं, वेबसाइट, वसतिगृहाची भाजी, स्नेहसंमेलनाचा मांडव. यातला थोडा वाटा विद्यार्थ्यांच्या उद्योगांसाठी ठेवा. माल पुरवणाऱ्याला घातलेली तीन वर्षांच्या अनुभवाची अट त्यांच्यासाठी काढा. केंद्रानं २०१७ च्या वित्तीय नियमांत स्टार्टअपसाठी ती शिथिल करायची वाट दाखवली आहे. दर्जा मात्र सोडू नका, माल वाईट निघाला तर परत करा. मालाची परतीही त्याला शिकवेल.

तिसरं, 'कमवा व शिका'तले तास. आज मुलं ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात काम करतात, ते चालू राहू दे. पण ज्याच्या हातात खरी ऑर्डर आहे, त्याला त्या ऑर्डरवर काम केलेले तास त्या योजनेत धरा. हंगामात धरा. कर्मवीरांच्या नावानं चालणारी योजना एका शेडवर सेन्सर बसवायला उपयोगी पडली तर त्यात गैर काय?

पुढच्या रांगेत प्राचार्य बसलेत, म्हणून अगदी नेमकं सांगतो. जूनमध्ये खरेदी समितीची बैठक असते. त्या बैठकीत विद्यार्थ्यांकडून घ्यायच्या वस्तूंची यादी करा, एका पानाची. बिल कुणाच्या नावानं करायचं ते तिथंच ठरवा. आणि बिल आलं की पैसे लवकर द्या. लघुउद्योगांना ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा २००६ पासून आहे, पण विद्यार्थ्याचं भांडवल म्हणजे त्याच्या मेसचे पैसे असतात, त्याला ४५ दिवस थांबवू नका. पंधरा दिवसांत द्या.