गोदीचा स्फोट : मोजलेले आणि न मोजलेले

भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयातील स्मारक १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीतील बोटीच्या स्फोटात प्राण गमावलेल्या ६६ जवानांचे आहे. देशभर पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह याच तारखेला सुरू होतो. त्या दुपारी गोदीत मेलेल्या हमालांचा आणि रोजंदारी मजुरांचा आकडा मात्र इतक्या खात्रीने कोणालाही सांगता येत नाही, आणि ही उणीव आम्हाला या दुर्घटनेइतकीच गंभीर वाटते.

‘फोर्ट स्टिकिन’ ही ७,१४२ टनांची बोट २४ फेब्रुवारीला इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघाली होती. तिच्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता, लढाऊ विमाने होती, सोन्याच्या विटा होत्या. त्यात कराचीला कापसाच्या हजारो गाठींची भर पडली. कापूस आणि स्फोटके एकाच बोटीत भरणे धोक्याचे आहे हे ठाऊक असूनही युद्धाच्या निकडीपुढे तो विचार मागे पडला. १२ एप्रिलला बोट व्हिक्टोरिया गोदीत लागली. धोकादायक माल वाहणाऱ्या बोटीवर लावायचा तांबडा बावटा तिच्यावर नव्हता. त्यामुळे शेजारच्या धक्क्यांवर राबणाऱ्यांना आपण कशाच्या जवळ उभे आहोत याची कल्पना येणे शक्यच नव्हते.

१४ तारखेला दुपारच्या सुट्टीनंतर दुसऱ्या क्रमांकाच्या कप्प्यातून धूर येताना दिसला. त्या कप्प्यात खाली कापूस होता आणि वर स्फोटके. बंबवाल्यांनी सुमारे ९०० टन पाणी आत सोडले, पण धुमसणाऱ्या गाठी त्या पाण्यावर तरंगत दारूगोळ्याकडेच वर सरकत गेल्या. इंजिनाची दुरुस्ती चालू असल्यामुळे बोट स्वतःच्या बळावर समुद्रात नेता येत नव्हती, आणि ती बाहेर ओढावी की जागीच बुडवावी याचा निर्णय शेवटपर्यंत झाला नाही. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा. हादऱ्याची नोंद दूर सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटली. स्फोटाने ‘जलपद्मा’ ही बोट उचलून धक्क्यावर फेकली.

जळता कापूस मांडवी आणि मशीद बंदरच्या वस्तीवर पडला. गोदामे, धान्य आणि घरे खाक झाली, हजारो लोक बेघर झाले.

युद्धकालीन निर्बंधांमुळे हिंदुस्थानात या बातमीला मे महिन्यापर्यंत परवानगी नव्हती; जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओने ती दुसऱ्याच दिवशी जगाला सांगितली होती. मृतांचे अंदाज ८०० पासून १,३०० पर्यंत जातात. या दोन आकड्यांत पाचशे माणसांचे अंतर आहे, आणि प्रत्येकाच्या घरी कोणीतरी वाट पाहत असणार. जवानांची गणती दलाच्या हजेरीवरून होऊ शकली. गोदीत माल चढवणारे-उतरवणारे बहुसंख्य लोक मजुरांच्या टोळ्या पुरवणाऱ्या टोळीवाल्यांमार्फत त्या-त्या दिवसापुरते घेतले जात, त्यामुळे त्या दिवशी बोटीवर, धक्क्यावर आणि गोदामांत नेमके कोण होते हे सांगणारा भरवशाचा कागद मागे राहिला नाही. गोदी कामगारांच्या रोजगार नियमनाचा कायदा १९४८ मध्ये आला, आणि मुंबईच्या गोदीत कामगारांची नोंदणी करणारी योजना १९५१ मध्ये, म्हणजे स्फोटानंतर सात वर्षांनी, लागू झाली.