एक जूनची माणसं

नमस्कार श्रोतेहो.

जूनच्या पहिल्या तारखेला सकाळी ठाण्याच्या तलावपाळीवर फेरी मारलीत, तर पांढऱ्या केसांची बरीच मंडळी एकमेकांना शुभेच्छा देताना दिसतील. "तुम्हालाही." "हो, तुम्हालाही." नवीन माणसाला वाटावं, आज पाडवा आहे की काय! आमच्या कट्ट्यावरच्या निम्म्याहून जास्त लोकांचा वाढदिवस एक जून. हा योगायोग नव्हे, ही त्या काळच्या गुरुजींची कृपा.

शाळा जूनमध्ये उघडायची. बाप पोराचा दंड धरून त्याला शाळेत न्यायचा. गुरुजी विचारायचे, "जन्म कधीचा?" बाप सांगायचा, "भाताची झोडणी चालली होती बघा." नाहीतर, "म्हैस घेतली त्याच्या पुढच्या वर्षी." गुरुजी मग पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं. रजिस्टरात जन्मतारीख पडायची, एक जून. गुरुजींना हिशेबाला सोपी, बापाला पाठ करायला सोपी.

मी मुरबाड तालुक्यातला. माझी तारीख लागली १ जून १९४७. आता माझ्या आईला माझा जन्म पक्का ठाऊक होता: स्वराज्य मिळालं त्या वर्षीची कोजागरी. चुलीवर दूध आटत होतं आणि सुईणीला बोलवायला माणूस धावला, हे ती मरेपर्यंत सांगायची. पण शाळेत गेले वडील, आणि गुरुजींनी आईला विचारायचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे झालं काय, की आईच्या हिशेबाने मी स्वतंत्र भारतात जन्मलो आणि सरकारी कागदावर इंग्रजी अमलात. पंधरा ऑगस्टला आमचा नातू मला सलाम ठोकून म्हणतो, "आजोबा, तुम्ही गुलामीत राहिलात ना?" मी म्हणतो, "हो, अडीच महिने. तेही कागदावर."

लहानपणी वाढदिवस असा काही नव्हता. कोजागरीला घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळायची आपल्याकडे रीत आहे, तिला आश्विनी म्हणतात. मी थोरला. म्हणजे ते ओवाळणं मला तसंही मिळायचंच. जन्माचं म्हणून वेगळं मागायला गेलो, तर आई म्हणायची, "एकाच पाटावर दोनदा बसायचंय का तुला?" धाकटा भाऊ मात्र ताटातल्या सुपारीकडे आणि अंगठीकडे बघत रुसून बसायचा.

कागदावरच्या तारखेची खरी गंमत कळली नोकरीत. मी महसूल खात्यात कारकून म्हणून लागलो, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. सरकारी नियम असा, की ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३१ मे म्हणजे आमच्या पिढीचा घाऊक निरोप समारंभ. २००५ साली माझ्या निरोपाला हार कमी पडले, कारण आमच्याच कचेरीतल्या चौघांना त्याच संध्याकाळी निरोप होता. एका सहकाऱ्याच्या गळ्यातला हार काढून फोटोपुरता माझ्या गळ्यात घातला. तो फोटो अजून आहे. हार मानेला मोठा होतो.

आणि मंडळी, एक जूनला आमच्या जोडीला मोठीमोठी नावं आहेत बरं का. आमच्या ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १ जून १८९३ चं. एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला सुटली तीही १ जूनलाच, १९४८ साली. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीत तिकीट पडत नाही, २०२२ पासून. परवा मुरबाडला जाताना कंडक्टरने माझं आधार कार्ड हातात घेतलं, तारीख बघितली आणि म्हणाला, "काका, आमच्या वडिलांचीपण हीच तारीख." मग स्वतःशीच हसला. "काकांचीपण. मामांचीपण."

आमच्या घरी तर आणखी कमाल. हिच्या शाळेच्या दाखल्यावरही एक जूनच. कागदोपत्री आम्ही नवराबायको एकाच तारखेला जन्मलो, फक्त दोन वर्षांच्या अंतराने. कुठेही फॉर्म भरायला गेलो की खिडकीपलीकडची मुलगी दोनदा बघते आणि गोड आवाजात विचारते, "आजोबा, आजींची तारीख चुकून तुमचीच लिहिलीत का?"

तशी आता वाढदिवसाला माझी फारशी हौस नाही, कारण त्याने दिवसाची घडी मोडते. माझा दिवस ठरलेला. पाचला जाग येते. गजर लागत नाही, गुडघा उठवतो. गोळ्यांचा सात खणांचा डबा सूनबाई रविवारी भरून ठेवते. निवृत्त माणसाला वार कळायला तेवढंच साधन आहे. बुधवारचा खण रिकामा दिसला की समजायचं, आज गुरुवार. एकदा नातवाने तो डबा उलटा ठेवला, तर मी सकाळी सकाळी शनिवारात जाऊन बसलो होतो. मग नौपाड्यातून चालत तलावपाळी. फेरी झाली की कौपिनेश्वराला बाहेरूनच नमस्कार, कारण पायांतले बूट काढायचे म्हणजे पुन्हा वाकून घालायचे. देव समजून घेतो. येताना जांभळी नाक्यावरून भाजी. मी आणलेल्या शेपूच्या जुडीत हिला रोज काहीतरी खोट सापडते, आणि तीच जुडी दुपारी ताटात असते. दहाला ग्रंथालयात वर्तमानपत्रं. तिथे खिडकीशेजारच्या खुर्चीवरून आमच्यात जे राजकारण चालतं, ते कुठल्याच पेपरात छापून येत नाही. दुपारी डुलकी. मग चहा आणि रेडिओ.

आता एक जूनला सात वाजल्यापासून फोन किणकिणायला लागतो. बँक शुभेच्छा देते, विमावाला देतो, तपासण्या करणारी लॅब तर सवलतच देते: वाढदिवसानिमित्त मूत्रपिंडाची तपासणी अर्ध्या किमतीत! भेटवस्तूंचंही तेच. साठीपर्यंत शर्टपीस यायचे. आता बीपीचं मशीन, गुडघ्याचा पट्टा, न घसरणाऱ्या चपला. प्रेमानेच देतात, मान्य आहे. पण म्हाताऱ्याला एखादा भडक शर्ट द्यावा, हे कुणाला सुचत कसं नाही?

कट्ट्यावरचा वाढदिवस मात्र मी चुकवत नाही. वर्गणी काढून मिसळ खातो, दोघांत एक प्लेट, कमी तिखट. ज्यांचा वाढदिवस खरोखर दुसऱ्या कुठल्या तारखेला असतो, त्यांच्याकडून जास्त वर्गणी घेतो.

तिथीचा वाढदिवस घरातलाच. तिथी आणि तारीख एकोणीस वर्षांनी पुन्हा जवळजवळ गाठ घेतात. मला शहात्तर झाली त्या वर्षी, २०२३ साली, तसा योग होता. नातवाने मोठ्या उत्साहाने तो शोधून काढला. आणि नेमकं त्या कोजागरीला चंद्रग्रहण! दूध आटवलेलं, केशर पडलेलं, आणि शेजारच्या काकू म्हणतात प्यायचं नाही. आम्ही प्यायलो.

आता घरात वाद आहे सहस्रचंद्रदर्शनाचा. माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या की हा सोहळा करतात. वर्षाला बाराच पौर्णिमा धरल्या तर हजाराला त्र्याऐंशी वर्षं लागतील; पण अधिक महिन्यांची भर पडते, म्हणून ऐंशी वर्षं आणि वर काही महिन्यांत हजार भरतात. नातवाने संगणकावर मोजून सांगितलं: कागदाच्या तारखेने हजारावी पौर्णिमा २०२८ च्या होळीला, आणि पणजीच्या हिशेबाने त्याच वर्षीच्या नारळी पौर्णिमेला. मी म्हटलं, आई सांगायची तेच खरं, नारळी पौर्णिमा धरा.

त्यावर ही म्हणाली, "अहो, भर पावसात ठाण्यात चंद्र दिसणार आहे का तुम्हाला? होळीच धरा. आकाश मोकळं असतं, आणि पुरणपोळ्या तशाही करायच्याच असतात."

सूनबाईने हॉलवाल्याला होळीचंच विचारून ठेवलंय.

नमस्कार.