इंग्रजी वाक्यात शब्दाची जागा

श्रोतेहो, नमस्कार.

नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि पुढची चार अव्यये ही शब्दांच्या आठ जातींची यादी आपण शाळेत घोकलेली असते. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. त्यामुळे ही यादी दोन्ही भाषांना सारखीच लागू पडते, असा आपला समज होतो. नावे जुळतात हे खरे, पण शब्दाची जात ओळखायची रीत मात्र दोन्हीकडे वेगळी आहे.

‘वाघाने शेळी मारली’ हे वाक्य ‘शेळी मारली वाघाने’ असे फिरवले तरी अर्थ ढळत नाही, कारण ‘ने’ हा प्रत्यय वाघाला चिकटून असतो. इंग्रजीत ‘द टायगर किल्ड द गोट’ या वाक्यातील दोन नामांची अदलाबदल करा, की शेळीच वाघाला मारून मोकळी होते! हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही नामांना विभक्तिप्रत्यय लागत होते. पुढच्या काही शतकांत ते झिजले आणि त्यांचे काम शब्दक्रमावर येऊन पडले. कर्ता आधी, मग क्रियापद, मग कर्म, हा क्रम इंग्रजीत इतका पक्का आहे तो त्यामुळेच. ‘ही’ आणि ‘हिम’ यांसारख्या सर्वनामांत जुन्या विभक्तीची खूण अजून उरली आहे.

म्हणूनच एखादा सुटा शब्द घेऊन त्याची जात विचारण्यात फारसा अर्थ नाही. ‘ड्रिंक वॉटर’मध्ये ‘वॉटर’ हे नाम आहे, ‘वॉटर द प्लांट्स’मध्ये तेच क्रियापद होते आणि ‘वॉटर टँक’मध्ये ते पुढच्या नामाला विशेषणासारखे जोडले जाते. काही शब्दांत हा फरक कानांनाही कळतो, आणि तो सांगायला रेडिओसारखे माध्यम नाही. ‘रेकॉर्ड’ म्हणताना पहिल्या अक्षरावर जोर दिला तर ते नाम. ‘रिकॉर्ड’ असे म्हणून दुसऱ्यावर दिला तर क्रियापद. लिहिताना दोन्ही अगदी एकच.

कर्त्याची जागा इंग्रजी सहसा रिकामी ठेवत नाही. आपण ‘येतो’ एवढे म्हणून निघू शकतो, कारण कर्ता क्रियापदाच्या रूपातच असतो. इंग्रजीत मात्र ‘आय’ म्हणावेच लागते, आणि पावसाला कोणी कर्ता सापडत नाही तेव्हा ‘इट इज रेनिंग’ म्हणून एक नावापुरता ‘इट’ तिथे बसवावा लागतो.

सर्वांत जास्त गफलत होते ती प्रश्न विचारताना. मराठीत ‘तू पुस्तक वाचतोस’ आणि ‘तू काय वाचतोस’ यांचा क्रम एकच असतो. त्या सवयीने ‘व्हॉट यू आर रीडिंग?’ असे तोंडून जाते. तिथे ‘आर’ हे साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी आणून ‘व्हॉट आर यू रीडिंग?’ असे विचारायचे असते. गंमत अशी, की हाच प्रश्न मोठ्या वाक्याच्या पोटात गेला, म्हणजे ‘टेल मी’ने सुरुवात झाली, तर क्रम पुन्हा पूर्ववत होतो आणि ‘टेल मी व्हॉट यू आर रीडिंग’ हेच बरोबर ठरते.